मीडियम मापाची लिफ्ट-खुर्ची, सात महिन्यांनंतर

एकतीस वर्षं मी माणसांची मापं घेते आहे. खुर्चीला टेप लावायची पाळी मात्र कंबरेत स्क्रू बसल्यावरच आली. खालचा एक मणका पुढे सरकला होता, म्हणून कंबरेचा चौथा आणि पाचवा मणका चार स्क्रू आणि दोन सळ्या घालून एकमेकांना जखडला. याला फ्यूजन म्हणतात. हाडाला हाड धरायला कित्येक महिने लागतात, तोवर सगळी भिस्त त्या सळ्यांवर. घरी सोडताना तीन गोष्टी बजावल्या होत्या: वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, कंबरेला पीळ द्यायचा नाही. बसायचं कशावर, हे कुणीच सांगितलं नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. गिऱ्हाइकाला कापड किती आणायचं ते सांगावं आणि अस्तराचं विसरावं, तसं झालं.

लिहायचंय ते एका मोटरवाल्या लिफ्ट-रिक्लायनरबद्दल, म्हणजे बटणावर मागे रेलणाऱ्या आणि माणसाला उठवून उभं करणाऱ्या खुर्चीबद्दल. पण तिच्याआधी घरातल्या चार बैठकांनी माझी परीक्षा घेतली, आणि त्या सांगितल्याशिवाय हिची बाजू समजणार नाही.

घरी आल्याआल्या सोफ्यावर बसले. बसले कसली, बुडाले. नंतर टेप लावून पाहिला तर रिकामा सोफा जमिनीपासून सोळा इंच, आणि माणूस बसला की फोम दबून बारा. माझं गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंतचं माप साडेपंधरा. म्हणजे गुडघे वर, बूड खाली आणि कंबर कमानीसारखी मागे गोल. बैठकीची खोली बावीस इंच, माझी मांडी पाठीपासून गुडघ्यामागपर्यंत अठरा. पाठ टेकवावी तर पाय लहान मुलासारखे पुढे ताठ, पाय टेकवावेत तर पाठीमागे पोकळी. उठताना ह्यांनी एक हात ओढला, मुलीने दुसरा, आणि दोघं दोन दिशांना! मी ओरडले, "अहो, सोडा आधी!" शेवटी मुलीने उश्या सरकवत सरकवत मला कडेला आणलं. पंधरा मिनिटं गेली त्यात. त्या दिवसापासून सोफ्यावर इस्त्रीचे कपडे बसतात.

प्लॅस्टिकची हाताची खुर्ची दिसायला बरी वाटली. उंची जवळपास ठीक, पण बैठक मागे उतरती, त्यामुळे पुढे सरकायचं म्हणजे चढ चढायचा. त्यात हातांवर भार दिला की तिचे पाय बाहेर फाकतात. एकदाच तो अनुभव घेतला, पुन्हा नाही. शिलाई मशीनपुढची चाकांची खुर्ची तर मुलीने स्वतःच दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली. उठताना हातांनी मागे रेटायचं असतं आणि तेवढ्यात खुर्चीच मागे पळते.

त्यातल्या त्यात जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची बरी निघाली. कडक, सपाट, अठरा इंच उंच. पण तिला हात नव्हते. हाताविना उठायचं तर धड पुढे झोकून द्यावं लागतं, आणि पहिल्या आठवड्यात तेवढा विश्वास ना पायांवर होता ना सळ्यांवर. शिवाय अर्ध्या तासात बुडाची हाडं टोचायला लागायची.

तेव्हा रिक्लायनर घ्यायचं ठरलं. मी पलंगावर, त्यामुळे खरेदीला हे गेले. मी चिठ्ठीवर मापं लिहून दिली होती: बैठकीची उंची सतरा ते अठरा, खोली सोळा, हात बैठकीपासून आठ इंच वर आणि बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले. दुकानदाराने चिठ्ठी वाचली म्हणे, हसला, आणि म्हणाला, "ही सगळ्यांना होते." फ्री साइज! ज्या शब्दाने माझा अर्धा धंदा चालतो (कारण फ्री साइज आणलेले कपडे शेवटी मापात करायला माझ्याचकडे येतात) तोच शब्द माझ्या घरात खुर्ची बनून आला. नंतर कळलं, या खुर्च्यांनाही स्मॉल, मीडियम, लार्ज असतं. आमची मीडियम. मला स्मॉल हवी होती.

आता चांगलं आधी सांगते, कारण ते खरोखर चांगलं आहे.

बटण दाबलं की अख्खी खुर्ची मागून वर उचलली जाऊन पुढे झुकते आणि माणसाला जवळजवळ उभं करून सोडते. कंबरेला काहीही करावं लागत नाही. रिक्लायनरमधून उठणं एरवी का कठीण असतं, हे मला या खुर्चीने शिकवलं. उठताना आपण नकळत पावलं मागे, बैठकीखाली घेतो. लाकडी खुर्चीखाली त्याला जागा असते. रिक्लायनरचा पुढचा भाग बंद असतो, कारण पाय ठेवायची फळी तिथेच मिटून बसलेली असते. टाचा मागे जाऊच शकत नाहीत. म्हणून साध्या, मोटर नसलेल्या रिक्लायनरमधून शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला उठवणं म्हणजे शिक्षा. एका नातेवाइकांकडे तसला होता, तोही बसून पाहिला. कडेचा दांडा ओढायला कंबर पिळावी लागते आणि पायाची फळी मिटवायला टाचांनी जोर लावून खाली दाबावी लागते. यातली पहिली गोष्ट तर सरळ माझ्या बंदीच्या यादीतली. कुणी घेणार असाल तर मोटरवाला घ्या, नाहीतर घेऊच नका, हे मी भीडभाड न ठेवता सांगते.

दुसरं चांगलं म्हणजे रेलणं. पाठ मागे, पाय वर केले की पहिल्या पंधरवड्यात जो आराम मिळायचा तो पलंगावरही मिळत नव्हता. माझ्या फिजिओथेरपिस्ट बाई आकड्यांच्या शौकीन आहेत. त्यांनी सांगितलं की १९९९ साली जर्मनीतल्या संशोधकांचा एक अभ्यास छापून आला, त्यात त्यांनी एका धडधाकट माणसाच्या मणक्यांमधल्या गादीत दाब मोजायचं यंत्रच बसवलं होतं. आडवं झोपल्यावर दाब ०.१ मेगापास्कल, उभं राहिल्यावर ०.५, टेका न घेता बसल्यावर ०.४६, बसून पार पुढे वाकल्यावर ०.८३, आणि मागे ऐसपैस रेलून बसल्यावर ०.३. त्याआधी कित्येक वर्षं नाखेमसन नावाच्या स्वीडिश डॉक्टरांच्या मोजमापांवरून बसणं हे उभं राहण्यापेक्षा वाईट मानलं जायचं. मी म्हटलं, बाई, माझ्या त्या गादीच्या जागी आता हाड भरलंय, माझा आकडा कुठला? त्या हसल्या. आकडा नाही, म्हणाल्या, पण पुढे वाकून बसू नका आणि मागे रेला, एवढं त्यातून घ्या. ते मी घेतलं.

आता उणं.

एक मोटर आहे, दोन नाहीत. म्हणजे बटण दाबलं की आधी पाय वर जातात आणि मग पाठ मागे. नुसती पाठ थोडी मागे करून पाय जमिनीवरच ठेवायचे, तर ते या खुर्चीला येत नाही. दोन मोटरवाल्यात पाठ आणि पाय वेगवेगळे हलतात. वाचायला, मोबाइलवर बोलायला, कुणी भेटायला आलं तर जरा माणसासारखं बसायला मला नेमकं तेच हवं होतं. आलेल्या पाहुण्यांपुढे तळपाय करून बसायचं मला आजही बरं वाटत नाही.

खोली एकवीस इंच. मला सोळा हवी. पाच इंचांचा फरक उशीने भरायचा, आणि इथे माझं कसब कामी आलं. पण पहिली उशी फसली. खुर्चीच्या पाठीला कंबरेच्या जागी आधीच एक फुगवटा होता आणि माझ्या टाक्यांची उभी रेघ बरोबर त्याच्यावर येत होती. त्यावर मऊ उशी ठेवली तर ती सगळीकडून सारखीच दाबायची. दुसऱ्या खेपेला चौदा बाय दहाच्या खोळीत फोमच्या दोन उभ्या पट्ट्या भरल्या आणि मध्ये दोन बोटांची मोकळी नाळ ठेवली. कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू टेकतात, टाके हवेत राहतात. चेन मागच्या बाजूला लावली, कडेला लावली असती तर शस्त्रक्रियेनंतर कंबरेला बांधायला दिलेल्या बेल्टमध्ये अडकली असती. त्या उशीच्यामागे, फुगवट्याच्या वर आणि खाली, साध्या कडक फोमचे तुकडे भरून पाठ सपाट करून घेतली. फोमबद्दल एक सांगते, कारण दुकानात यावरून फार फसवाफसवी चालते. चाळीस डेन्सिटी, बत्तीस डेन्सिटी असं जे सांगतात ते घनमीटरला किती किलो भरतो त्याचं माप. फोम किती टिकेल याचा अंदाज त्यावरून येतो, तो मऊ आहे की कडक हे त्यातून कळत नाही. मऊकडकपणा वेगळा मोजतात. दाबून बघा, आणि नुसतं बोटाने नको, पूर्ण बसून बघा.

बसून बघा म्हणजे किती वेळ? दुकानात दोन मिनिटं बसून प्रत्येक खुर्ची छानच वाटते. निदान वीस मिनिटं बसा. आणि बेल्ट लावलेला असेल तर बेल्ट लावून, घरात वापरता ती चप्पल घालून बसा. उभं असताना छान बसणारा बेल्ट खाली बसलं की वर सरकतो, बरगड्यांत रुततो आणि खाली जांघेत. ट्रायल घेताना मी गिऱ्हाइकाला नेहमी खाली बसून, हात वर करून दाखवायला लावते. बेल्ट देणाऱ्यांनी मला उभीच ठेवलं होतं.

रेक्झिनचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. पुसायला सोपं म्हणून सगळे तेच वापरतात. पण रेलून पुन्हा सरळ होताना अंग दर वेळी इंचभर पुढे घसरतं. तीनचार वेळा खाली-वर केलं की कंबर पाठीपासून सुटते आणि माणूस माकडहाडावर बसलेला असतो. मागे सरकायचं तर हातांवर उचलून घ्यावं लागतं. शेवटी बैठकीला कॉर्डरॉयची खोळ शिवली. लव पाठीकडे जाईल अशी लावली, म्हणजे पुढे घसरताना लव उलटी अडते. एवढ्याने घसरणं थांबलं. पण पहिल्या खोळीची झालर मी शोभेसाठी लांब ठेवली होती. ती खुर्ची मिटताना कैचीसारख्या पट्ट्यांत ओढली गेली आणि मोटर घुरघुरत थांबली. मी आत अडकलेली, पाय वर, आणि घरात फक्त मुलगी. तिने माझीच कात्री आणून माझीच झालर कापली. शोभा हवी असेल तर झालर आखूड ठेवा.

रिमोटचा खिसा उजव्या हाताच्या बाहेरच्या अंगाला, खाली. तिथे हात घालायचा म्हणजे कंबरेला पीळ. ज्यांच्यासाठी खुर्ची बनवली त्यांच्यापैकी एकालाही विचारलं नसावं. रिमोट खाली पडला की संपलंच, वाकता येत नाही. हाताच्या पुढच्या टोकाला पट्टी शिवून त्यात तो अडकवला. दोन्ही बटणं हाताला सारखीच लागतात, रात्री अंधारात वर की खाली कळत नाही, म्हणून वरच्या बटणावर शर्टाचं एक छोटं बटण चिकटवलं. आजवर निघालेलं नाही.

वीज गेली तर? आमच्या खुर्चीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बसतात. त्यांच्यावर ती एकदा सरळ होते, सावकाश, आणि मग संपलं. त्या बॅटऱ्या खोक्यात येत नाहीत, वेगळ्या आणाव्या लागतात, आणि हे वीज गेल्यावरच कळलं. मी पावणेदोन तास आडवी. उठता येत नाही म्हटल्यावर ज्या गोष्टीसाठी उठायचं असतं तीच नेमकी आठवत राहते. ते जाऊ दे.

जागा खूप लागते. पाठ मागे जाताना भिंतीला लागते, म्हणून ती भिंतीपासून अकरा इंच पुढे ठेवावी लागली. भिंतीला चिकटून ठेवता येतील असेही प्रकार मिळतात, त्यात बैठक पुढे सरकते. आणि वजन! एकदा ठेवली की तिथेच, केर काढतानासुद्धा हलत नाही.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ही खुर्ची इतकं काही करून देते की आपण काही करेनासे होतो. पहिले अकरा दिवस मी रात्रीही तिच्यातच झोपले. पलंगावर कूस बदलायची तर खांदे, कंबर, गुडघे एकदम ओंडक्यासारखे वळवायचे असतात, त्याची भीती वाटायची. फिजिओ बाईंना कळलं तेव्हा त्या चांगल्याच रागावल्या. दिवसरात्र खुबे आणि गुडघे वाकलेले, पुढचे स्नायू आखडणार, मग ताठ चालणार कशा? बाराव्या रात्री पलंगावर गेले. गादीच्या मधल्या भागावर, खांद्यापासून मांडीपर्यंत येईल एवढा, सॅटिनचा तुकडा आडवा शिवून टाकला. त्यावर कूस बदलणं लोण्यासारखं होतं. कडेपर्यंत मात्र न्यायचा नाही, नाहीतर उठून बसताना माणूस सरळ जमिनीवर. गादी कडक घ्या असं सगळेच सांगत होते. २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या ३१३ जणांचा अभ्यास आला होता, त्यात मध्यम कडक गादी एकदम कडक गादीपेक्षा बरी ठरली. ती माणसं जुन्या कंबरदुखीची होती, शस्त्रक्रियेची नाहीत, म्हणून मी त्यावर विसंबून काही खरेदी केली नाही. आमची जुनी गादी मध्यमच होती, तीच ठेवली. पलंगाचे पाय मात्र ठोकळ्यांवर चढवले.

दिवसाचा नियम बाईंनी असा घालून दिला: वीस मिनिटं बसायचं, मग उठून खोलीत फेऱ्या. आणि लिफ्टचं बटण दर आठवड्याला थोडं कमी. खुर्ची वर येते तेव्हा तिच्या हाताचं टोक शेजारच्या भिंतीला समांतर चढतं. जिथून मी स्वतःच्या पायांवर उठू शकते तिथे मी कापडावर खुणा करायच्या खडूने रेघ मारायची. पहिली रेघ माझ्या कंबरेच्या वर होती. मग दर रविवारी एक, खाली खाली. खुब्यातून पुढे झुकायचं, कंबर सरळ ठेवायची, दोन्ही हातांनी रेटायचं आणि उठायचं. सहाव्या आठवड्यात रेघ तशीच राहिली, सातव्यात वर गेली, कारण मी शहाणपणा करून बादली हलवली होती. नवव्या आठवड्यात लिफ्टची गरज उरली नाही. त्या रेघा हे अजून पुसू देत नाहीत.

आणि नवव्या आठवड्यापासून मी बसते ती कुठे? अडगळीतून काढलेल्या एका जुन्या लाकडी हाताच्या खुर्चीत. तिच्या पायांखाली दीड इंचाचे ठोकळे, बैठकीवर दोन इंचांचा कडक फोम, पाठीला माझी नाळेची उशी. हात पुढच्या कडेपर्यंत आलेले, खाली टाचांना मोकळी जागा. ही आधी सुचली असती तर लिफ्ट-खुर्ची लागलीच नसती का? पहिले पाच-सहा आठवडे लागलीच असती, हे कबूल करते. पण तेवढ्यासाठी विकत घ्यायची गरज नव्हती. भाड्याने मिळत असेल तर भाड्याने घ्या. ज्यांच्या मणक्यांमधल्या गादीचा फक्त तुकडा छोट्या छेदातून काढला आहे आणि जे दुसऱ्या दिवशी चालायला लागतात, त्यांनी बहुधा लाकडी खुर्चीवरच भागवावं. ज्यांचे पाय लटपटतात, ज्यांना उचलायला घरात दुसरं कुणी नाही, त्यांना ही खुर्ची देवासारखी वाटेल. फक्त आपल्या मापाची, दोन मोटरची, आणि कापडाच्या बैठकीची बघा. मी पाचातले तीन गुण देते. एक कापला मापाचा आणि एक रिमोटच्या खिशाचा. रेक्झिनचा कापणार होते, पण खोळ छान झाली आहे.

आता शिवणाच्या मशीनपुढे मी रोज तीन वेळा वीस-वीस मिनिटं बसते आहे. लिफ्ट-खुर्ची विकायला काढली आहे, खोळ आणि दोन बॅटऱ्यांसकट. परवा एका बाईंचा फोन आला, पुढच्या महिन्यात त्यांची शस्त्रक्रिया आहे. खुर्ची बसायला कशी आहे, विचारत होत्या. मी म्हटलं, आधी टेप घ्या, चप्पल घाला आणि गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत मोजून सांगा. त्या फोन तसाच धरून टेप शोधायला गेल्या. साडेसतरा भरलं. मीडियम त्यांना होईल.